विश्लेषण : जुन्या व्हिडीओ गेमची ‘कॅसेट’ घरी कशी बनते? आणि ती विकली तर?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम होता, त्यांना कॅसेटमध्ये फुंकर मारल्याचे नक्की आठवत असेल. गेम सुरू झाला नाही की कॅसेट काढायची, जोरात फुंकायची आणि पुन्हा खोचायची. (फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा खोचल्यामुळे संपर्क जुळत असे. उलट तोंडातल्या ओलाव्याने आतले धातूचे पट्टे गंजत.) आपण तिला कॅसेट म्हणत आलो, पण तिच्यात फीत नसते. असतो तो एक छोटा सर्किट बोर्ड. त्या बोर्डाची तशीच चालणारी नवी प्रत आज घरच्या टेबलावर बनवता येते आणि जगभरात अनेक जण छंद म्हणून ती बनवतात. इंग्रजीत तिला ‘रिप्रॉडक्शन कार्ट्रिज’ म्हणतात, छंदिष्टांच्या बोलीत नुसते ‘रेप्रो’. हेच कौशल्य वापरून बनावट कॅसेट ‘ओरिजिनल’ म्हणून विकण्याचा धंदाही फोफावला आहे. छंद कुठे संपतो आणि फसवणूक कुठे सुरू होते, हे समजण्यासाठी आधी कॅसेट उघडून पाहावी लागते.

कॅसेटच्या आत असते काय?

जपानच्या निन्टेंडो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ हा संच १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. अमेरिकेत तोच संच १९८५ मध्ये ‘एनईएस’ या नावाने आणि वेगळ्या रूपात गेला. आपल्याकडे ‘लिटिल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी मिळणारे संच हे याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यामुळे एनईएसची कॅसेट समजली की आपल्या माळ्यावर पडलेली कॅसेटही बरीचशी समजते.

सगळ्यात साध्या कॅसेटमध्ये मुख्य चिप दोनच. एकीत गेमचा प्रोग्राम, दुसरीत चित्रांचे तुकडे. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ असाच आहे. प्रोग्राम ३२ किलोबाइट, चित्रे ८ किलोबाइट. एकूण ४० किलोबाइटमध्ये आठ जगे, राजकन्या आणि ते संगीत. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा ‘शुभ प्रभात’चा फोटोही बहुधा यापेक्षा मोठा असतो.

पण मोठ्या गेमचे काय? या संचाच्या प्रोसेसरला १६ ॲड्रेस लाइन आहेत, म्हणजे तो एकूण ६४ किलोबाइट जागा पाहू शकतो. त्यातली निम्मी, ३२ किलोबाइट, कॅसेटमधील प्रोग्रामसाठी राखलेली. ‘काँट्रा’ची अमेरिकी कॅसेट मात्र १२८ किलोबाइटची आहे. ३२ च्या खिडकीतून १२८ चा मजकूर कसा दाखवायचा? पाने उलटून. प्रोग्रामची १६ किलोबाइटची आठ पाने केली जातात. खिडकीच्या एका अर्ध्या भागात शेवटचे पान कायम राहते आणि दुसऱ्या अर्ध्या भागात गेम हवे ते पान आणून ठेवतो. सध्या कोणते पान उघडे आहे, हे लक्षात ठेवण्याचे काम ७४१६१ ही चिप करते आणि तिच्या जोडीला ७४३२ ही ‘ऑर गेट’ असलेली चिप असते. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत आम्ही याच ७४१६१ वर एलईडी पेटवून ० ते १५ आकडे मोजले आणि जर्नलवर सही घेऊन मोकळे झालो. हीच चिप ‘काँट्रा’ची पाने उलटते हे तेव्हा कोणी सांगितले असते, तर प्रयोग जास्त लक्षात राहिला असता.

पुढे निन्टेंडोने पाने उलटण्यासाठी स्वतःच्या खास चिप बनवल्या. १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मधील अशी चिप पडद्यावरच्या ओळीही मोजते. म्हणूनच वरचे दृश्य सरकत असताना खालची गुणांची पट्टी जागची हलत नाही. म्हणजे कॅसेट ही फक्त साठवणुकीची डबी नाही, ती संचाला जोडलेला आणखी एक तुकडा आहे. त्यामुळे एका गेमसाठी बनवलेला बोर्ड दुसऱ्या गेमला चालेलच असे नाही.

घरी प्रत कशी बनवतात?

प्रथम गेमचा डेटा लागतो. मूळ कॅसेट हातात असेल तर छोट्या रीडरला जोडून तो संगणकावर उतरवता येतो. बहुतेक लोक प्रत्यक्षात तयार फाइल इंटरनेटवरून घेतात. कायद्याचा पहिला प्रश्न इथेच उभा राहतो, त्याकडे पुढे येऊ.

मग लागते रिकामी चिप. मूळ कॅसेटमध्ये ‘मास्क रॉम’ असतात. त्यांच्यातला डेटा कारखान्यात चिप बनतानाच कोरला जातो आणि नंतर बदलत नाही. घरी त्याऐवजी ‘ईप्रॉम’ किंवा ‘फ्लॅश’ चिप वापरतात. ईप्रॉमच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. तिच्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटे अतिनील प्रकाश पाडला की जुना डेटा पुसला जातो. नवा डेटा भरल्यावर ती खिडकी चिकटपट्टीने झाकावी लागते, नाहीतर प्रकाशाने तो हळूहळू उडत जातो. फ्लॅश चिपला ही यातायात नाही, ती विजेवरच पुसता येते. दोन्ही प्रकारांत डेटा भरण्यासाठी यूएसबीवर चालणारा ‘प्रोग्रामर’ लागतो.

नवशिक्यांचा पहिला प्रयत्न बहुधा याच टप्प्यावर फसतो आणि कारण अगदी क्षुल्लक असते. इंटरनेटवरच्या एनईएस फाइलला सुरुवातीला १६ बाइटचे शीर्षक जोडलेले असते. ते संगणकावरच्या एम्युलेटरसाठी असते, मूळ चिपमध्ये नसते. ते न काढता फाइल चिपमध्ये भरली की प्रत्येक बाइट सोळा घरे पुढे सरकतो आणि टीव्हीवर नुसता एकरंगी पडदा दिसतो. दुसरी अडचण आकाराची. १२८ किलोबाइटचा गेम ५१२ किलोबाइटच्या चिपमध्ये भरायचा असेल, तर वरच्या ॲड्रेसचे पाय जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडतात किंवा तोच गेम चिपमध्ये चार वेळा भरतात. (आपल्याकडच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटनेही पुनरावृत्तीच केली, फक्त ती मेन्यूत होती. मूठभर गेम पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमांकाने आणि थोड्याफार फरकाने दाखवले जात.)

शेवटचे काम सोल्डरिंगचे. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यासाठी ‘दाता’ कॅसेट लागत असे. कोणाला नको असलेला एखादा जुना बेसबॉलचा गेम स्वस्तात घ्यायचा, त्याच्या चिप उपसून काढायच्या आणि त्याच बोर्डावर आपल्या बसवायच्या. मास्क रॉम आणि ईप्रॉम यांच्या पायांचा क्रम अनेकदा जुळत नाही, म्हणून काही पाय वर उचलून बारीक तारा ओढाव्या लागत. या पद्धतीत एक प्रत बनवताना एक अस्सल कॅसेट कायमची संपते. आज नवे बोर्ड छापून मिळतात, प्लॅस्टिकचे नवे कवचही मिळते. ७४ मालिकेतल्या चिप तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. तरीही खास चिप लागणाऱ्या गेमसाठी जुन्या कॅसेट फोडणे पूर्ण थांबलेले नाही.

निन्टेंडोने कुलूप लावले नव्हते का?

लावले होते, पण सगळीकडे नाही. एनईएसच्या संचात एक आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एक अशा कुलूप-चिपच्या जोड्या होत्या. दोघी ठरलेल्या क्रमाने एकमेकींशी बोलतात. कॅसेटमधल्या चिपचे उत्तर चुकले की संच साधारण दर सेकंदाला रीसेट होतो आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. जपानी फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूपच नव्हते. त्यामुळे आशियात फॅमिकॉमच्या नकला आणि विनापरवाना कॅसेट इतक्या सहज पसरल्या. आपल्या बालपणाचे ‘काँट्रा’ त्याच वाटेने आले.

अमेरिकेतले कुलूप तोडण्याचा किस्सा तर कोर्टात गेला. अटारी गेम्स कंपनीने खटला सुरू असल्याचे खोटे कारण देऊन अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून कुलूप-चिपच्या प्रोग्रामची प्रत मिळवली आणि स्वतःची चिप बनवली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने निन्टेंडोची बाजू उचलून धरली. आज त्याच कुलूप-चिपची नक्कल आठ पायांच्या एका स्वस्त मायक्रोकंट्रोलरमध्ये मावते आणि छंदिष्ट ती सर्रास वापरतात.

कुलूप कधी गेमच्या आतही असे. सुपर निन्टेंडोवरचा ‘अर्थबाउंड’ हा गेम १९९५ मध्ये अमेरिकेत आला. कॅसेटमधली सेव्हची मेमरी अपेक्षेपेक्षा मोठी आहे का, हे तो तपासतो. कॉपी करण्याच्या यंत्रांत ती मोठी असे. फरक आढळला की आधी इशारा देतो. तोही चुकवला, तर खेळ सुरू राहतो, पण शत्रूंची संख्या वाढते. आणि शेवटच्या लढाईत गेम गोठतो आणि सगळे सेव्ह पुसून टाकतो. कितीतरी तास खेळून झाल्यावर! चुकीच्या बोर्डावर ‘अर्थबाउंड’ची रेप्रो बनवणाऱ्याला हे आजही भोवते.

स्वस्त कॅसेट घेतली तर काय बिघडते?

खरी अडचण व्होल्टेजची आहे. एनईएस, सुपर निन्टेंडो आणि पहिला गेमबॉय ५ व्होल्टवर चालतात. आज स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच फ्लॅश चिप ३.३ व्होल्टच्या आहेत. दोघांमध्ये व्होल्टेज जुळवणारी चिप बसवावी लागते. घाऊक बनवणारे अनेकदा ती गाळतात, कारण गेम तिच्याशिवायही सुरू होतो. फक्त फ्लॅश चिपवर तिच्या मर्यादेपेक्षा जास्त दाब पडत राहतो आणि चिपमधून ५ व्होल्टच्या बाजूला नको तो प्रवाह वाहू शकतो. कॅसेट बंद पडली तर नुकसान काहीशे रुपयांचे. पण ज्या संचाला आता कारखान्याचा सुटा भाग मिळत नाही, त्याचे काय?

बोर्डाची जाडी हाही असाच दुर्लक्षित मुद्दा. एनईएसचे बोर्ड सुमारे १.२ मिलीमीटर जाडीचे होते, तर आज सर्वसाधारण छापून मिळणारा बोर्ड १.६ चा असतो. तो खोचला की संचाच्या खोबणीतल्या पट्ट्या फाकतात आणि नंतर अस्सल कॅसेटही नीट बसत नाही. कडा तासलेल्या नसतील तर पट्ट्या ओरबाडल्या जातात ते वेगळेच.

परवाना असला म्हणजे सगळे निर्धोक, असेही नाही. २०१७ मध्ये कॅपकॉमच्या परवान्याने ‘स्ट्रीट फायटर २’ची सुपर निन्टेंडो कॅसेट ५,५०० प्रतींत पुन्हा निघाली. किंमत १०० डॉलर. तिच्यासोबत इशारा होता, की ती मूळ संचात वापरल्यास संच तापू शकतो किंवा पेटू शकतो!

सर्वाधिक तक्रारी सेव्हच्या असतात. पोकेमॉनच्या बनावट कॅसेटमध्ये हे नेहमी दिसते. गेमबॉयच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये सेव्ह टिकवण्याचे काम आतला बटण सेल करतो. सेल संपला की जमवलेले सगळे पोकेमॉन गेले. गेमबॉय ॲडव्हान्सच्या ‘एमराल्ड’मध्ये तसे नाही. तिथे सेव्ह फ्लॅशमध्ये राहतो आणि सेल फक्त घड्याळासाठी असतो. अस्सल ‘एमराल्ड’चा सेल संपला तर गेम तसे सांगतो, पण सेव्ह शाबूत असतो. बनावट प्रतीत मात्र अनेकदा वेगळीच मेमरी बसवून प्रोग्राममध्ये फेरफार केलेला असतो आणि एके दिवशी सेव्ह नाहीसा होतो. ‘सेल संपला आणि सेव्ह गेला’ असे ‘एमराल्ड’बद्दल कोणी सांगितले, तर कॅसेटच्या अस्सलपणावर संशय घ्यायला हरकत नाही.

भारतात हे कायदेशीर आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला ‘साहित्यकृती’ मानतो. त्याचे कलम ५२(१)(एए) प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला बॅकअप करण्याची मुभा देते. मात्र अट आहे : हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण एवढ्यापुरतेच, आणि प्रोग्राम ज्या कामासाठी दिला होता त्याच कामासाठी. म्हणजे स्वतःच्या अस्सल कॅसेटमधून स्वतः उतरवलेली प्रत या चौकटीत बसवता येईल. इंटरनेटवरून घेतलेली फाइल बसवणे फार अवघड आहे. आणि आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कॅसेट मुळातच विनापरवाना असल्याने त्यांची ‘बॅकअप’ हा युक्तिवाद सुरू होण्याआधीच संपतो.

कलम ६३ब नुसार प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. गेमचा संच हा संगणक आहे का, अशी पळवाट शोधण्यातही अर्थ नाही. कायद्याच्या व्याख्येत माहितीवर प्रक्रिया करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण येते. कॅसेटवर कंपनीचे बोधचिन्ह छापून ती विकली, तर ट्रेडमार्क कायदा, १९९९ चे कलम १०३ लागू शकते. त्याखाली ६ महिने ते ३ वर्षे कैदेची तरतूद आहे.

हे हक्क लवकर संपणारेही नाहीत. अमेरिकी कायद्यात कंपनीच्या नावे असलेल्या कृतीला प्रकाशनानंतर ९५ वर्षे संरक्षण आहे. १९८५ चा ‘मारिओ’ तिथे २०८० सालच्या अखेरीपर्यंत खुला होणार नाही.

‘आम्ही वारसा जपतो’ हा दावा कितपत खरा?

अर्धा खरा. जुने गेम विकत मिळत नाहीत ही अडचण खोटी नाही. अमेरिकेतील व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या संचांची ऑनलाइन दुकाने बंद केली. ग्रंथालयांना जुने गेम अभ्यासकांना दुरून वापरू देण्याची सवलत मिळावी, ही मागणीही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. कंपन्या विकणार नाहीत आणि ग्रंथालयांनाही देऊ देणार नाहीत, तर लोक आपली वाट शोधणार. त्याचा दोष एकट्या छंदिष्टांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

पण रेप्रो कॅसेट स्वतः काही जतन करत नाही. जतन होते ते काळजीपूर्वक उतरवलेल्या फाइलमध्ये. ईप्रॉम आणि फ्लॅशमधला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपतो. मास्क रॉममध्ये झिरपायला भारच नसतो. म्हणजे जिच्या जागी प्रत बनवली, ती मूळ चिपच जास्त टिकण्याची शक्यता. त्यात दाता कॅसेट फोडली असेल, तर वारशाच्या हिशेबात एक वजाच झाली. रेप्रो ही जुन्या संचावर खेळण्याच्या आनंदासाठी असते. तो आनंद पुरेसा आहे, त्याला वारशाची शाल पांघरण्याची गरज नाही.

विक्रीचा प्रश्न आणखी वेगळा. १९९२ चा ‘लिटल सॅमसन’ हा एनईएस गेम संग्राहकांच्या बाजारात हजार डॉलरच्या वर जातो. एवढी किंमत असली की हुबेहूब स्टिकर छापणारे येणारच. यात कंपनीपेक्षा जास्त फसतो तो ग्राहक. शिवाय चाहत्या भाषांतरकारांचीही लूट होते. ‘मदर ३’ हा गेमबॉय ॲडव्हान्सवरचा गेम २००६ मध्ये फक्त जपानीत आला. चाहत्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करून २००८ मध्ये मोफत दिले, तेही संपूर्ण गेम न देता फक्त बदल असलेल्या ‘पॅच’ फाइलच्या रूपात. अशा पॅचसोबत ‘विकू नये’ असे अनेकदा स्पष्ट लिहिलेले असते. तरी तीच भाषांतरे कॅसेटमध्ये भरून विकली जातात आणि ज्यांनी रात्री जागून काम केले त्यांना त्यातले काही मिळत नाही. घरी एक प्रत करून तिच्यावर स्वतःच्या हाताने ‘नक्कल’ लिहिणारा आणि हा विक्रेता यांना एका तराजूत तोलता येणार नाही, मग कायद्याची अक्षरे काहीही म्हणोत.

मग ज्यांना हे शिकायचेच आहे, त्यांनी काय करावे?

दुसऱ्याचा गेम भरण्यापेक्षा नवा गेम भरावा. या जुन्या संचांसाठी आजही नवे गेम लिहिले जातात, त्यांना ‘होमब्रू’ म्हणतात. ‘मायक्रो मेजेस’ हा एनईएससाठीचा अलीकडचा गेम पहिल्या ‘मारिओ’इतक्याच ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. अनेक होमब्रू गेम त्यांचे कर्तेच मोफत देतात आणि स्वतःपुरती कॅसेट बनवायलाही मोकळीक देतात. मात्र सोबतचा परवाना वाचून घ्यावा. पाने उलटणे, ॲड्रेस लाइन आणि व्होल्टेज जुळवणे हे सगळे त्यातही शिकता येते आणि कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

सामान मागवण्याआधी माळ्यावरचा संच उतरवून त्याची खोबण मात्र मोजावी. आपल्याकडच्या फॅमिकॉमच्या नकलांना ६० पिनची कॅसेट लागते आणि अमेरिकी एनईएसला ७२ पिनची. इंटरनेटवर दिसणारे बरेच बोर्ड ७२ पिनचे असतात. ते आपल्या संचात जोडणी-अडॅप्टरशिवाय बसत नाहीत. जुन्या पिवळ्या कॅसेटमध्येच नवी चिप बसवू, असा विचार असेल तर आधी ती उघडून पाहावी. आत पाय असलेली चिप न दिसता काळ्या लाखेसारखा गोल थेंब दिसला, तर चिप त्या थेंबाखाली थेट बोर्डावर चिकटवलेली आहे. ती काढता येत नाही, त्यामुळे कॅसेट तशीच बंद करून ठेवावी.